परक्या आवाजांची सोबत

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सभागृहांत झालेलें भाषण)



समितीनें मला प्रथम विचारलें तें या धर्मग्रामाच्या जुन्या दिवसांविषयीं चार शब्द सांगण्याबद्दल. तें काम माझ्याहून अधिक योग्यतेच्या माणसांनीं काल केलें आहे व उत्तम केलें आहे. मीं फादरांस विनंति केली कीं, बोलावयाचेंच असेल तर मी माझ्या आजाराविषयीं बोलेन. फादर थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "बोला, पण आधीं घरीं विचारा." मीं वहिनींना विचारलें. त्या म्हणाल्या, "भाऊजी, इतकीं वर्षें लोक आडून बोलत आले, एकदां तुम्हीच समोरून बोला." तेव्हां मी येथें उभा आहें तो वहिनींच्या अनुज्ञेनें.

मला स्किझोफ्रेनिया नांवाचा आजार आहे. मराठींत कोणी त्यास छिन्नमनस्कता म्हणतात. "होता" असें मी म्हणत नाहीं, कारण तो अद्याप आहे. कधीं दबून असतो, कधीं डोकें वर काढतो. हें मूळ नांव १९०८ सालीं स्वित्झर्लंडचे डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलर यांनीं योजिलें, व त्याचा अर्थ मनाच्या व्यापारांची फाटाफूट असा आहे. त्यावरून लोकांस वाटतें कीं, या रोग्याच्या अंगांत दोन माणसें वास करितात, एक साधा व एक खुनी. नाटक-सिनेमांनीं हा समज फार पसरविला. तो सर्वस्वीं चुकीचा आहे. मी एकच माणूस आहें; मात्र माझ्याच मनांतील विचार कधीं कधीं मला माझे वाटत नाहींत, एवढीच काय ती गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानें जगांत सुमारें तीनशें माणसांमागें एकास हा आजार आहे. आज या सभागृहांत किती खुर्च्या मांडल्या आहेत तें आपण मोजून पाहावें.

आरंभ कसा झाला तें सांगतों. १९८६ सालीं मी बावीस वर्षांचा होतों आणि रोह्यास धाटावच्या एका कारखान्यांत रात्रपाळीस जात असें. झोंप मोडली होती. एके पहाटे कुंडलिकेच्या कांठानें घरीं येतांना मागें दोन माणसें बोलत असल्याचें ऐकूं आलें. एक म्हणे, "आतां तो पुलाकडे वळला." दुसरा म्हणे, "आतां तो मागें पाहणार." मीं मागें पाहिलें, रस्त्यावर कोणी नव्हतें. घरीं आलों, पाणी प्यालों, तों "पाणी प्याला" असे शब्द कानीं आले. आपणांस मी विनवितों कीं, यास भ्रम म्हणून हंसण्यापूर्वीं ध्यानांत घ्यावें: तो आवाज कल्पनेंतील नसतो, कानांतला असतो. आतां माझा आवाज आपणांस जितका स्पष्ट ऐकूं येत आहे तितकाच स्पष्ट. तो खोटा आहे हें समजावयास मला कित्येक वर्षें लागलीं, आणि समजल्यावरहि तो ऐकूं येण्याचा थांबला नाहीं.

आवाजापेक्षां वाईट अशी एक अवस्था आहे व तिच्याविषयीं लोक क्वचितच बोलतात. ती विचारांची. जर्मन डॉक्टर कुर्ट श्नायडर यांनीं १९३९ सालीं या अनुभवांची टिपणी केली: आपल्या डोक्यांत कोणी परका विचार घालतो असें वाटणें, चालू विचार कोणी मध्येंच काढून नेतो असें वाटणें, आणि आपल्या मनांत जें येतें तें भोंवतालच्या सर्वांस ऐकूं जातें असें वाटणें. हे तिन्ही अनुभव मीं घेतले आहेत. तिसऱ्यानें मला तुमच्यापासून तोडलें.

जुन्या मंडळींस आठवत असेल, मी त्या काळीं मिस्सेच्या वेळीं देवळांत न बसतां बाहेरच्या ओटीवर चपलांजवळ बसत असें, आणि पुढें पुढें तेथेंहि येईनासा झालों. माझी श्रद्धा उडाली, कोणी म्हणालें दारू चढली, कोणी म्हणालें मुलगा कम्युनिस्ट झाला. खरें कारण असें कीं, ख्रिस्तशरीर उंच धरण्याच्या क्षणीं सर्व देऊळ स्तब्ध होई, आणि त्या स्तब्धतेंत माझ्या डोक्यांतील घाणेरडे शब्द, जे मीं आणले नव्हते, जे मला नको होते, ते तुम्हां सर्वांस ऐकूं जात आहेत अशी माझी खात्री असे. पुढच्या बाकावरील एखादी बाई खोकली कीं मला वाटे, तिनें ऐकलें. म्हणून मी बाहेर बसें. तुमच्या कानांस माझ्या मनाचा विटाळ होऊं नये म्हणून.

या शब्दांचें पाप मजवर आहे किंवा नाहीं, हा प्रश्न मला औषधापेक्षां अधिक छळीत असे. अखेरीस एका वृद्ध धर्मगुरूंजवळ पापनिवेदनांत मीं तो बोललों. त्यांनीं विचारलें, "तुला ते शब्द हवे असतात काय?" मीं म्हटलें, "नाहीं." ते म्हणाले, "जेथें जाणून संमति नाहीं तेथें महापाप नाहीं, हें तूं धर्मशिक्षणांतच शिकला आहेस. दारावरून भिकारी शिव्या देत गेला तर त्या शिव्या तुझ्या होत नाहींत." मग म्हणाले, "आणि डॉक्टरकडे जा." एवढ्या दोन वाक्यांनीं जें काम केलें तें त्याआधींच्या दोन वर्षांत झालें नव्हतें.

तीं दोन वर्षें कशीं गेलीं हें थोडक्यांत सांगून मोकळा होतों. आईनें प्रथम भगतास दाखविलें, मग एका प्रार्थनेच्या ठिकाणीं नेलें. त्या ठिकाणाचें नांव मी घेत नाहीं. तेथें माझ्या अंगांतील सैतान काढण्याचें ठरलें. मला उपास घडविले, रात्ररात्र जागविलें, आणि मी ओरडूं लागलों तेव्हां खाटेस बांधलें. माझ्या आईस दोष देऊं नका. तिला कोणी दुसरें कांहीं सांगितलें नव्हतें. आतां मात्र कोणासहि अशी सबब राहिलेली नाहीं. आपल्या पवित्र धर्मसभेची शिकवण पुस्तकांत छापलेली आहे: भूतबाधा दूर करण्याचा विधि करण्यापूर्वीं समोर आजार तर नाहीं ना याची खात्री करून घेतली पाहिजे, आणि मनाचा आजार हा वैद्यकशास्त्राचा विषय आहे. शिवाय धर्मप्रांताच्या अधिपतींच्या स्पष्ट अनुज्ञेवांचून तो विधि कोणाहि धर्मगुरूस करतां येत नाहीं, मग इतरांची गोष्ट दूरच. जागरण हें तर या रोगास तेल ओतल्यासारखें आहे. ज्याची झोंप आधींच गेली आहे त्यास रात्रभर गुडघ्यांवर ठेवणें ही भक्ति नव्हे.

आतां औषधांविषयीं. आमच्या देशास या बाबतींत अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. सर्पगंधेची मुळी वेडावर देण्याची रीत येथें जुनी. १९३१ सालीं कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस या दोघांनीं तिच्या गुणांविषयीं वैद्यकीय मासिकांत लेख लिहिला, आणि पुढें तिच्यांतून काढलेलें रेसर्पिन हें द्रव्य पाश्चात्य डॉक्टरांनींहि कांहीं वर्षें वापरलें. परंतु खरा पालट झाला तो १९५२ सालीं पॅरिस येथें क्लोरप्रोमाझिन हें औषध या रोग्यांस देण्यांत आलें तेव्हां. त्यापूर्वीं रत्नागिरीचें मनोरुग्णालय (स्थापना १८८६) किंवा ठाण्याचें (१९०१) यांत गेलेला माणूस बहुधा तेथेंच म्हातारा होई. आपल्याकडे अजून भांडणांत "ठाण्याला पाठवा याला" असें सहज म्हणतात. मी जवळ असलों तर बोलणारा मध्येंच थांबतो. थांबूं नये, असें मला वाटतें. आधींच बोलूं नये.

औषध काय करितें? मेंदूंतील डोपामिन नांवाच्या द्रव्याचा जोर तें कमी करितें, आणि त्यामुळें क्षुल्लक गोष्टींस जें अवास्तव महत्त्व आलेलें असतें तें उतरूं लागतें. वर्तमानपत्रांतील मथळा पुनः नुसता मथळा होतो. मजसाठीं धाडलेला निरोप राहत नाहीं. पण हें एका रात्रींत घडत नाहीं, आठवडे लागतात. आणि औषधाचें मोलहि द्यावें लागतें. माझे हात कांपत, जीभ जड होई, पाय एके जागीं ठरत नसत. पुढें नवीं औषधें आलीं त्यांनीं पोट सुटलें व रक्तांतील साखर वाढली. हें सर्व डॉक्टरांस सांगावें, म्हणजे ते मात्रा किंवा औषध बदलतात. गुपचूप गोळी टाकून देऊं नये. मीं टाकली होती, म्हणून सांगतों.

पहिला उलट हल्ला त्यामुळेंच झाला. दीड वर्ष बरा होतों. बरा असल्यामुळें गोळीची गरज काय, असा विचार केला. तीन महिने कांहीं झालें नाहीं, आणि त्या तीन महिन्यांनींच मला फसविलें. चौथ्या महिन्यांत ते दोघे पुनः बोलूं लागले. दुसरा हल्ला मात्र औषधें नियमानें घेत असतांनाच आला, आई वारली त्या पावसाळ्यांत. हें मी मुद्दाम सांगतों, कारण गोळी घेतली कीं रोग परत येणारच नाहीं अशी हमी देणारे कांहीं भले लोक असतात. मग तो आला कीं ते रोग्याकडे संशयानें पाहतात. गोळ्यांनीं हल्ले विरळ होतात, सौम्य होतात. प्रत्येक वेळीं टळतातच असें नाहीं.

हल्ल्यापूर्वीं कांहीं खुणा दिसतात, व त्या ज्याच्या त्याच्या ठराविक असतात. माझ्या चार आहेत. दोन रात्री लागोपाठ झोंप चार तासांहून कमी. जेवतांना पाण्याच्या चवीबद्दल शंका. वर्तमानपत्र पुनःपुनः वाचणें. आणि भावाच्या मुलांशीं बोलणें बंद. हा कागद वहिनींच्या कपाटांत आहे. खालीं मीं बरा असतांना सही करून लिहून दिलें आहे कीं, यांतील दोन खुणा दिसतांच मला डॉक्टरकडे न्यावें, व त्या वेळीं मी "मला कांहीं झालें नाहीं" असें म्हटलें तर तें मानूं नये. घरच्या घरीं केलेली ही तजवीज आतां कायद्यानेंहि करतां येते. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यापासून अंमलांत आहे. आजारपणांत आपल्यावर कसे उपचार व्हावेत व कसे होऊं नयेत, हें आधींच लिहून ठेवण्याचा आणि आपल्या वतीनें बोलणारा माणूस नेमण्याचा हक्क त्यानें रोग्यास दिला आहे. माणसास सांखळीनें बांधण्यास त्यानें मनाई केली आहे. खाटेस बांधलेला मी जेव्हां तें कलम वाचलें तेव्हां बराच वेळ पुढचें पान उलटूं शकलों नाहीं.

हल्ल्यांच्या मधल्या काळाविषयीं बोलतों, कारण आयुष्य तेथेंच जातें. मी पेण येथें एका गणपतीच्या कारखान्यांत हिशेब लिहीत असें. मालक हिंदु, मी ख्रिस्ती; यांत कोणास कधीं अडचण वाटली नाहीं. एका वर्षीं हंगामाच्या तोंडावर मला बरें वाटेनासें झालें. ज्यांनीं हे कारखाने पाहिले आहेत त्यांस ठाऊक आहे कीं, डोळ्यांची आखणी हें तेथील सर्वांत कसबाचें काम. ती झाली कीं निर्जीव माती एकदम आपल्याकडे पाहूं लागते. माझ्या टेबलाभोंवतीं तीनशें मूर्ति आंखून वाळत ठेवल्या होत्या. सहाशें डोळे. त्या दिवसांत मला तेथें बसवेना. मीं मालकांस सांगितलें कीं, नोकरी सोडतों. त्यांनीं कारण विचारलें, व मीं लाज सोडून खरें तें सांगितलें. ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले, मग पोऱ्यास हांक मारून म्हणाले, "भाऊंचें टेबल कच्च्या मालाच्या खोलींत ने." कच्च्या मूर्तींस डोळे नसतात. तेथें बसून मीं तो हंगाम पुरा केला. मोठमोठ्या पुस्तकांत पुनर्वसनावर पुष्कळ लिहिलेलें आहे. मला त्याचा अर्थ त्या दिवशीं कळला.

आणि आवाजाचें काय? एक अजून येतो, बहुधा रात्रीं, दिवा मालवल्यावर. शास्त्रज्ञांचें म्हणणें असें कीं, आपण मनांतल्या मनांत जें बोलतों त्यावर "हें माझें" असा शिक्का मेंदू मारीत असतो. या रोगांत तो शिक्का चुकतो, आणि आपलेंच बोलणें परक्याचें म्हणून कानीं येतें. असा आवाज ऐकणाऱ्यांच्या मेंदूची परीक्षा केली असतां त्या वेळीं भाषेच्या कामाचे भाग चालू असल्याचें दिसलें आहे. यावरून एक उपाय निघतो: तोंड दुसऱ्या शब्दांत गुंतवावें. गुणगुणावें, मोठ्यानें वाचावें. मी रोझरी मोठ्यानें म्हणतों. त्यानें मला आराम पडतो. पण प्रार्थनेचें फळ कोणतें आणि ओठ हलण्याचें फळ कोणतें हें मी ठरवूं शकत नाहीं, आणि ठरविण्याची मला घाईहि नाहीं. ज्यास रोझरीनें बरें वाटत नसेल त्यानें पाढे म्हणावेत. फार धार्मिक विचारांनींच ज्याचें डोकें तापलें असेल त्यानें तर पाढेच म्हणावेत.

अमेरिकेंतील तान्या लुरमन या विदुषीनें कॅलिफोर्निया, घानांतील आक्रा व आपल्याकडील चेन्नई येथील वीस वीस रोग्यांस त्यांच्या आवाजांविषयीं विचारलें. अमेरिकेंतील रोग्यांचे आवाज बहुतांशीं अनोळखी व क्रूर होते. चेन्नईंतील पुष्कळांस आपल्याच नातलगांचे आवाज ऐकूं येत, आणि ते रागावत खरे, पण घरांतील कामेंहि सांगत. हें वाचून मला हंसूं आलें. माझाहि उरलेला आवाज अलीकडे थोडा आईच्या वळणावर गेला आहे. दाराची कडी लावली का, असें विचारतो. मी उठून पाहतों. कधीं कधीं खरोखरच लावलेली नसते.

ज्यांच्या घरीं असा माणूस आहे त्यांच्याशीं दोन गोष्टी बोलतों. लंडन येथें जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या मागून आलेल्या संशोधकांनीं असें दाखविलें कीं, ज्या घरांत रोग्यास सतत टोंचून बोलतात किंवा अतिकाळजीनें त्याच्या अंगावर पडून राहतात त्या घरांत रोग लवकर उलटतो. पुढें चंडीगढ येथें तीच तपासणी झाली, तेव्हां आपल्याकडील कुटुंबांत टोंचणी तुलनेनें पुष्कळ कमी आढळली. ही आपली कमाई आहे. ती घालवूं नये. "आळशी झालास" हें वाक्य विशेष टाळावें. अंग न उचलणें, तोंडावर भाव नसणें, आंघोळीचा कंटाळा, हा स्वभाव नसून रोगाचाच भाग आहे, आणि आवाजांपेक्षां तो औषधास कमी दाद देतो. तसेंच त्याच्या संशयाशीं वादहि घालूं नये आणि हो ला हो हि करूं नये. माझा भाऊ म्हणत असे, "मला तो आवाज ऐकूं येत नाहीं, पण तुला भीति वाटते आहे हें दिसतें. चल, बाहेर बसूं." याहून शहाणें वाक्य मीं कोणत्याहि डॉक्टरच्या तोंडून ऐकलें नाहीं.

घर थकतें, हेंहि खरें. त्यासाठीं घरच्यांस सोबत हवी. धुळ्याचे जगन्नाथ वाणी हे कॅनडांत कॅलगरी येथें प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीस हाच आजार होता. त्यांच्या पुढाकारानें पुण्यांत स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी राहिली, व तेथें रोगी आणि नातलग एकत्र बसून बोलूं लागले. २००४ सालचा "देवराई" हा मराठी चित्रपटहि त्यांच्याच आस्थेंतून घडला; सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांनीं तो केला. आपल्याच जिल्ह्यांत, कर्जतजवळ, डॉ. भरत वाटवानी व त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांची श्रद्धा संस्था आहे. १९८८ च्या सुमारास या दोघांस बोरिवलीस रस्त्याकडेला एक तरुण करवंटीनें गटाराचें पाणी पितांना दिसला. त्यांनीं त्यास उचलून आणून औषध दिलें; तो शुद्धीवर आला तेव्हां कळलें कीं, तो आंध्र प्रदेशांतील सुशिक्षित घरचा मुलगा, प्रयोगशाळेच्या कामाची पदविका घेतलेला. त्यांतून तें कार्य वाढलें. २०१८ सालीं त्यांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें तोंवर सात हजारांहून अधिक भटकीं माणसें आपापल्या घरीं पोंचलीं होतीं. प्रत्येक स्टेशनावर असा एखादा जटा वाढलेला माणूस आपण पाहतों. मी त्याजकडे पाहतों तेव्हां माझ्या मनांत "बिचारा" असा शब्द येत नाहीं. गोळी चुकलेला मी, असें येतें.

आपल्या संतमंडळांतहि माझा एक सोबती आहे. संत योहान दे देऊस, जन्मानें पोर्तुगीज. ग्रानादा येथें एक प्रवचन ऐकून त्यांचें भान सुटलें. लोकांनीं वेडा म्हणून त्यांस इस्पितळांत कोंडलें, आणि तेव्हांच्या रीतीप्रमाणें फटके मारले. बाहेर आल्यावर त्यांनीं रोग्यांसाठीं स्वतःचें इस्पितळ काढलें. रोग्यांचे व इस्पितळांचे आश्रयदाते म्हणून आज आपण त्यांचा धांवा करितों. त्यांचा सण ८ मार्चला येतो. आपल्या देवळांत त्यांच्या नांवानें आजवर मिस्सा झाल्याचें मला आठवत नाहीं. समितीनें टिपून घ्यावें. बेल्जियममध्यें गेल नांवाचें गांव आहे, तेथें संत दिंफ्ना यांच्या यात्रेस आलेल्या मनोरुग्णांस गांवकऱ्यांनीं मध्ययुगापासून आपल्या घरांत ठेवून घेतलें, व ती पद्धति आजहि चालू आहे. ते त्यांस रोगी म्हणत नाहींत, घरचे पाहुणे म्हणतात.

एक नाजूक गोष्ट उरली. या रोगांत कांहीं माणसें स्वतःच्या हातानें जीव देतात. माझ्या माहितींत असें एक घर आहे, नांव सांगावयाचें नाहीं. त्या घरची माउली अजून वाटेनें मान खालीं घालून जाते. धर्मसभेचें म्हणणें असें कीं, मनाच्या गंभीर विकारानें अशा कृत्याची जबाबदारी कमी होऊं शकते, आणि अशा आत्म्याच्या तारणाची आशा सोडूं नये. त्यासाठीं प्रार्थना करावी. तेव्हां त्या माउलीच्या मुलाच्या नांवानें मिस्सा सांगण्यास कोणी लाजूं नये, आणि ती सांगितली गेली तर कोणी कुजबुजूं नये.

ज्यास आज विचारावेंसें वाटतें पण कोणास विचारावें तें कळत नाहीं, त्यानें १४४१६ हा क्रमांक लावावा. सरकारनें २०२२ पासून तो चालविला आहे. त्यावर मराठींतहि बोलतां येतें. अलिबागेस जिल्हा रुग्णालय आहे. पेणहून एस्टीनें जाऊन संध्याकाळच्या आंत परत येतां येतें. पहिल्या खेपेस एकट्यानें जाऊं नये. कोणी सोबत मिळाली नाहीं तर मला सांगावें, मी येईन. वाट मला पाठ आहे.

अलीकडे मी मिस्सेस आंत बसतों, उजवीकडे, मागून तिसऱ्या बाकावर, दाराजवळ. वाईट दिवस असला तर उठून बाहेर जातां यावें म्हणून. ख्रिस्तशरीर उंच धरतांना अजूनहि कधीं तो जुना संशय येतो कीं, तुम्हां सर्वांस माझ्या मनांतलें ऐकूं जात आहे. आज तर मीं तें सर्व माझ्याच तोंडानें सांगून टाकलें. तेव्हां पुढल्या रविवारीं त्या संशयास काय काम उरतें तें पाहूं.  साडेआठ वाजत आले, आणि वहिनी तेथून मला पाण्याचा तांब्या दाखवीत आहेत. माझ्या गोळीची वेळ झाली.